एका गायिकेचीं मतें



गवयानें गावें आणि आपण ऐकावें, येथपर्यंत आपल्या घरांत कोणाची हरकत नसते. परंतु गवई वयानें लहान असला, त्यांतून ती स्त्री असली, आणि तिनें गाणें थांबवून स्वतःचें मत सांगावयास आरंभ केला, म्हणजे आपल्या कपाळास आठ्या पडूं लागतात. "गळा चांगला आहे तर गावें, व्याख्यान कशाला?" हें वाक्य मीं आमच्या पनवेलच्या ओट्यांवर इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, त्याची चाल मला पाठ झाली आहे. म्हणून आज शांताबाई आपटे यांच्या गाण्याविषयीं थोडें, आणि त्यांच्या मतांविषयीं अधिक बोलावें असा माझा बेत आहे.

शांताबाईंनीं १९४० सालीं मराठींत एक पुस्तक लिहिलें. त्याचें नांव 'जाऊं मी सिनेमांत?' त्या वेळीं त्यांच्या वयाची पंचविशीहि उलटली नव्हती. नांवापुढें प्रश्नचिन्ह आहे, तिकडे मी मुद्दाम आपलें लक्ष वेधतों. मुलांना विरामचिन्हें शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्याची ही खोड म्हणून ती सोडून द्या. पण विचार करा. हा प्रश्न सिनेमाच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलीचा आहे, आणि तो मांडणारी बाई आठ वर्षें दाराच्या आंत वावरलेली आहे. आंत गेलेलें माणूस सहसा "या, या" म्हणतें, किंवा "मुळींच येऊं नका" म्हणतें. शांताबाईंनीं प्रश्न प्रश्न म्हणूनच ठेवला, यांतच त्यांची बुद्धि मला दिसते.

त्यांची कारकीर्द थोडक्यांत सांगतों. १९३१ सालीं 'आलम आरा' हा आपल्याकडील पहिला बोलपट निघाला, १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' आला, आणि त्याच वर्षीं 'श्यामसुंदर' या चित्रपटांत शांताबाई राधा झाल्या. पुढें १९३३ सालीं प्रभात कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आली, व १९३४ च्या 'अमृतमंथना'पासून शांताबाईंचें नांव घरोघर झालें. मात्र त्यांचें खरें काम १९३७ च्या 'कुंकू' या चित्रपटांत आहे. ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांनीं अवश्य पाहावा.

'कुंकू'ची कथा नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली. नीरा नांवाच्या पोरक्या मुलीचें लग्न फसवून एका वृद्ध विधुर वकिलाशीं लावण्यांत येतें, आणि तें लग्न ती मनानें कबूल करीत नाहीं. पण कथेपेक्षां तिच्या गाण्यांतलें बोलणें हा मला मोठा विषय वाटतो. संगीत नाटकांत पद आलें कीं संवाद जागच्या जागीं थांबे. नट एक पाऊल पुढें येई, शेवटच्या ओळीवर वन्समोअर मिळे, आणि मेलेलें पात्रहि प्रसंगीं उठून पुन्हां गाई! आमच्या वडीलधाऱ्यांना त्याचेंच प्रेम होतें, आणि तें प्रेम खोटें होतें असें मी म्हणणार नाहीं. 'कुंकू'चे संगीतकार केशवराव भोळे होते. १९३३ सालीं 'आंधळ्यांची शाळा' या नाटकालाहि त्यांचेंच संगीत होतें, आणि त्या नाटकांत पात्रें घरांत बोलावें तशीं बोलत होतीं. 'कुंकू'मध्यें पार्श्वसंगीताचा आधारच काढून घेतलेला आहे. घड्याळाची टिकटिक ऐकूं येते, रस्त्यावरचे आवाज ऐकूं येतात, आणि त्या शांततेंत नीरा गाऊं लागते तेव्हां ती गाऊं लागली हें क्षणभर कळतच नाहीं. बोलतां बोलतां माणसाचा स्वर चढावा, तसें तें गाणें येतें. हात, डोळे, मान हीं सर्व शब्दाच्या अर्थामागें धांवतात. एके ठिकाणीं तर त्या लाँगफेलो या अमेरिकन कवीची कविता चक्क इंग्रजींत गातात! मराठी घरांत इंग्रजी कविता गाणारी नायिका त्या दिवसांत किती जणांना रुचली असेल, याची कल्पना आपणच करावी.

आतां कीर्तीविषयीं. 'कुंकू'नंतर दोन वर्षांनीं, १९३९ सालीं, ह्याच शांताबाई प्रभातच्या पुण्यांतील फाटकाशीं उपोषणास बसल्या. वाद वेतनाचा आणि कराराचा होता. वर्तमानपत्रांतून ती हकीकत गाजली. त्या वादांत न्याय कोणाच्या बाजूस होता याचा निकाल देण्यास मी बसलों नाहीं. प्रभात ही शिस्तीची कंपनी होती, तिनें मराठी चित्रपटाला प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि शांताबाईंना शांताबाई करण्यांतहि तिचा वांटा होता. परंतु एक गोष्ट पाहा. जिच्या नांवावर तिकिटें खपत होतीं, तिला आपलें म्हणणें मांडण्यासाठीं शेवटीं फाटकाबाहेर उपाशी बसावें लागलें. कीर्ति होती, पण ती कराराच्या कलमापुढें उपयोगीं पडली नाहीं.

हा अनुभव गांठीं बांधून त्यांनीं पुढच्या वर्षीं पुस्तक लिहिलें. एखादी नटी आठवणी लिहील तर अमक्याचा स्वभाव, तमक्याचा विनोद, असें कांहीं आपण अपेक्षितों. शांताबाईंनीं श्रमाविषयीं लिहिलें, थकव्याविषयीं लिहिलें, मालक आणि नोकर यांच्या संबंधाविषयीं लिहिलें. नट हा काम करणारा माणूस आहे, त्याचें शरीर झिजतें, ही त्यांची दृष्टि. पडद्यावरचें हंसणें पाहून आपण म्हणतों, "काय मजा आहे यांची!" तें हंसू टिपण्यासाठीं दिव्यांच्या उष्णतेंत किती तास उभें राहावें लागलें, हें आपल्या गप्पांत कधीं येत नाहीं. "तिला किती मिळतात?" हा प्रश्न मात्र चहाच्या पहिल्या घोटाबरोबर येतो.

त्या पुढें १९४१ मध्यें 'सावित्री' या तामीळ चित्रपटांत काम करण्यासाठीं तामीळ शिकल्या. त्याच चित्रपटांत एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनीं नारदाची भूमिका केली होती. १९६४ सालीं शांताबाई वारल्या. प्रभातच्या त्या आवारांत १९६० पासून सरकारची चित्रपट शिकविणारी संस्था आहे, आणि २०१५ सालीं तेथील विद्यार्थ्यांनीं १३९ दिवस संप केला. त्या जागेचा गुण असावा!

हें सर्व मला आजच कां आठवावें? माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. नांव सांगत नाहीं. वय वीस. गळा उत्तम, तालमीची आवड, आणि लोकलनें मुंबईस जाऊन शिकण्याइतकी चिकाटी. गेल्या वर्षीं तिचीं कांहीं गाणीं मोबाइलवरून फार लोकांनीं ऐकलीं, आणि एका कंपनीकडून बारा पानांचा इंग्रजी करार आला. वडील तो घेऊन माझ्याकडे आले. त्यांना सही करण्याची घाई होती. अशी संधि पुन्हां येत नाहीं, असें ते तीन वेळां म्हणाले. मुलगी गप्प होती. मीं विचारलें, "तुझें काय म्हणणें?" ती म्हणाली, "सर, प्रसिद्धीची मला भीति नाहीं. पण महिनाभर घरांत माझ्याशीं कोणी साधें बोललेलें नाहीं. पूर्वीं आई विचारी, जेवलीस का. आतां विचारते, आज किती लोकांनीं ऐकलें. आत्या विचारते, टीव्हीवर केव्हां येणार. सिनेमांत गाणें मला आवडेल. पण गाण्याखेरीज माझ्याशीं बोलण्यासारखें कांहीं उरलेंच नाहीं का?"

वडील खालीं पाहूं लागले. मलाहि लगेच उत्तर सुचलें नाहीं. म्हणून मीं चष्मा लावला आणि आम्हीं तिघांनीं तीं बारा पानें मोठ्यानें वाचलीं. मी जुना मॅट्रिक. कायद्याच्या इंग्रजीशीं झगडणें मला जड जातें, पण मुलीनें शब्दकोश उघडला. सातव्या पानावर एक कलम निघालें: पांच वर्षेंपर्यंत कंपनीच्या लेखी परवानगीवांचून तिनें इतरत्र कोठेंहि गाऊं नये. वडिलांनीं विचारलें, "गणपतींत आळीच्या मंडपांतसुद्धां नाहीं?" कलमांत तर तसेंच होतें.

त्या संध्याकाळीं मीं तिला 'जाऊं मी सिनेमांत?' या पुस्तकाची हकीकत सांगितली. तिनें विचारलें, "मग त्या गेल्या, कीं नाहीं गेल्या?" मीं सांगितलें, त्या आधींच गेलेल्या होत्या, आणि नंतरहि काम करीतच राहिल्या. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें पेन्सिलीनें त्या कलमाभोंवतीं रेघ ओढली, आणि समासांत स्वच्छ अक्षरांत एक प्रश्नचिन्ह काढलें.

कंपनीला पत्र गेलें आहे. उत्तर अजून आलेलें नाहीं. आई हल्लीं पुन्हां जेवणाचें विचारूं लागली आहे, असें परवां ती जातां जातां सांगून गेली.