सिन्नरहून दौलताबादेकडे

सिन्नर ही यादवांची जुनी राजधानी. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने ती देवगिरीला नेली. हेच आजचे दौलताबाद. तिथे यादवांच्या बरोबरीने सुलतानी काळातील वास्तूही पाहायला मिळतात.

किल्ल्यात शिरल्यावर आधी लागते जामा मशीद. खिलजी सुलतान कुतुबुद्दीन मुबारकने ती 1318 मध्ये बांधवली. तिचे कितीतरी खांब जुन्या मंदिरांचे आहेत. आता तिथे भारतमातेची मूर्ती आहे.

समोरच उभा आहे चांद मिनार. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहाने तो उभारला. चार मजले, उंची सुमारे 63 मीटर. एके काळी त्यावर इराणी पद्धतीच्या चकचकीत फरशा होत्या. त्यांचे काही अंश अजून दिसतात.

वर चिनी महाल. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला 1687 नंतर औरंगजेबाने इथेच कैदेत ठेवले होते.

सिन्नर तालुक्यातील गोंद्याहून समृद्धी महामार्गाने माळीवाड्याला उतरले, की किल्ला जवळच. सकाळी लवकर पोहोचा, पाणी आणि विजेरी सोबत असू द्या. आणि भिंतींवर नावे कोरू नका.