प्रयोगाची आखणी आणि शालेय विज्ञान

शालेय विज्ञानात प्रयोग म्हणजे प्रयोगवहीतील ठरावीक मथळे भरणे, हा समज आता इतका रुळला आहे की उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान या क्रमातील शेवटची ओळ पाठ्यपुस्तकात आधीच छापलेली असते, याचे कोणालाही नवल वाटत नाही. ओहमच्या नियमाचा आलेख काढताना पुष्कळ विद्यार्थी आधी सरळ रेषा ओढतात आणि मग तिच्यावर बिंदू बसवतात. त्यामागे लबाडीपेक्षा परीक्षेची नेमकी जाण अधिक असते, कारण गुण रेषेला मिळतात, मोजमापाला मिळत नाहीत. अशा प्रात्यक्षिकांनी हाताला वळण लागते आणि उपकरणांची ओळख होते, म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीत. परंतु त्यांना वैज्ञानिक पद्धतीचे शिक्षण म्हणणे धाडसाचे होईल. खऱ्या प्रयोगात उत्तर आधी ठाऊक नसते, आणि कोणते उत्तर आल्यास आपली कल्पना सोडून द्यायची, एवढे मात्र आधी ठरलेले असते.

ही उणीव विज्ञान प्रदर्शनांत उघडी पडते. संगीताने रोपे जोमाने वाढतात, असे दाखवणारा प्रकल्प तेथे वरचेवर मांडलेला आढळतो: दोन कुंड्या, एकीला रोज सतार ऐकवलेली, दुसरीला नाही, आणि पहिलीतले रोप दोन बोटे उंच. येथे पहिला प्रश्न परिकल्पनेचा, म्हणजे तपासून पाहता येईल अशा तात्पुरत्या विधानाचा आहे. ‘जोमाने वाढणे’ म्हणजे उंची, पानांची संख्या की सुकवलेल्या रोपाचे वजन, हे ठरल्याशिवाय विधान तपासता येत नाही, आणि वाढ मोजून झाल्यावर ते ठरवले तर सोयीचे माप निवडण्याचा मोह आवरत नाही. दुसरा प्रश्न चलांचा. प्रयोगात बदलू शकणारी प्रत्येक बाब म्हणजे चल. त्यांपैकी जो मुद्दाम बदलायचा तो स्वतंत्र चल, ज्यावरचा परिणाम मोजायचा तो अवलंबी चल, आणि उरलेले सारे दोन्हीकडे सारखे ठेवायचे असतात. सतार ऐकणारी कुंडी विजेच्या बटणाजवळ, म्हणून खिडकीपाशी ठेवली गेली असेल, तर रोप सुरांनी वाढले की उन्हाने, हे सांगण्याचा मार्गच उरत नाही.

तिसरी त्रुटी सर्वांत खोल आहे आणि वर्गात तिचा उच्चार सर्वांत कमी होतो. एकाच वाणाची, एकाच मातीत लावलेली दोन रोपेही सारखी वाढत नाहीत. तेव्हा प्रत्येक बाजूला एकेकच रोप असेल तर दोन बोटांचा फरक स्वभावतःच पडू शकतो. यावरचे दोन उपाय शेतीसंशोधनातून आले. पहिला पुनरावृत्तीचा, म्हणजे प्रत्येक बाजूला अनेक रोपे घेण्याचा. दुसरा यादृच्छिकीकरणाचा, म्हणजे कोणती कुंडी कोणत्या गटात जाईल हे प्रयोगकर्त्याने न निवडता चिठ्ठ्या टाकून ठरवण्याचा. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या कृषिसंशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी ही तत्त्वे मांडली, आणि वि. गो. पानसे व पां. वा. सुखात्मे यांनी 1954 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातून ती भारतीय कृषिसंशोधकांच्या हाती दिली. वीस कुंड्या, चिठ्ठ्या आणि पट्टी यांपलीकडे त्यासाठी शाळेला काही विकत घ्यावे लागत नाही. प्रयोगशाळा नाही म्हणून प्रयोग नाहीत, ही सबब म्हणूनच पुरती पटणारी नाही.

मोजणाऱ्याची अपेक्षा मोजमापात शिरू नये, याचीही काळजी घ्यावी लागते. उंची मोजणाऱ्या विद्यार्थ्याला कोणत्या कुंडीला सतार ऐकवली हे माहीत नसणे, याला आंधळी चाचणी म्हणतात. तिचे उत्तम उदाहरण पुण्यातच घडलेले आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आणि पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ यांच्या साहाय्याने 2008 मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. तीत हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुले यांच्या प्रत्येकी 100 जन्मपत्रिका सांकेतिक क्रमांक देऊन एकत्र करण्यात आल्या, आणि त्यांतील 40 प्रत्येक ज्योतिषाकडे वर्गीकरणासाठी पाठवण्यात आल्या. नुसत्या अंदाजाने 40 पैकी सरासरी 20 उत्तरे बरोबर येतात, तर 28 किंवा अधिक येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. उत्तरे पाठवणाऱ्या 27 जणांत सर्वाधिक 24 उत्तरे बरोबर आली. सर्व 200 पत्रिका तपासणाऱ्या एका संस्थेची 102. येथे 24 हा आकडा पाहून कोणी थबकेल, पण 27 जणांनी नाणेफेक करून उत्तरे दिली असती तरी त्यांतील तिघाचौघांनी 24 पर्यंत मजल मारली असती. हे गणित नववीच्या वर्गाला नाणी उडवून प्रत्यक्ष दाखवता येते, आणि योगायोगाची व्याप्ती मुलांना त्याहून चांगली कळण्याचा दुसरा मार्ग क्वचितच असेल.

हे सारे परीक्षेत बसत नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो वजनदार आहे, पण त्याचे उत्तर शेजारच्या राज्यात मिळून चुकले आहे. मध्य प्रदेशात 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील 16 उच्च प्राथमिक शाळांतून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुले प्रयोग करून निष्कर्ष स्वतः काढत, पाठ्यपुस्तकात उत्तरे छापलेली नसत, आणि परीक्षेला पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा असे आणि प्रात्यक्षिकाची कसोटी वेगळी घेतली जाई. सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांकडून, तीस वर्षे हे चालले. 2002 मध्ये शासनाने तो कार्यक्रम थांबवला.

तेव्हा शिक्षण मंडळाकडे एकच मागणी करायला हवी: प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रश्न असा असावा की ज्यात उपकरण हाती न देता केवळ एक दावा द्यावा, तो तपासण्याचा आराखडा विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावा, आणि तो दावा कोणत्या निरीक्षणाने खोटा ठरेल, हे सांगणाऱ्या ओळीला स्वतंत्र गुण असावेत. मंडळाचा निर्णय येईपर्यंत शिक्षकांनी हा प्रश्न आपापल्या घटक चाचणीत घालावा. त्याला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.