सुविचाराची सवय कशी व्हावी?



जुन्नर-आंबेगावच्या आपल्या शाळांतून रोज फळ्यावर सुविचार लिहिला जातो व दुसऱ्या दिवशी पुसला जातो. 'स्वच्छ राहावे' हे वाक्य मुलास पाठ असते. तरी ते हात न धुताच जेवावयास बसते. हा दोष मुलाच्या मनाचा नव्हे. उपदेशास वेळ, जागा व साधन नेमून दिले नाही, तर तो वाक्यच राहतो.

श्रीगाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरताच आधी खराटा हाती घेत. कीर्तन रात्री होई. आधी कृती, मग उपदेश, हा क्रम आपणही धरावा.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांच्या २०१० साली छापलेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्यास साधारणतः ६६ दिवस लागले. कोणास १८, तर कोणास २५४. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही.

म्हणून एका सत्रात एकच सवय निवडावी व ती ठरल्या क्षणाशी जोडावी. पोषण आहाराची घंटा झाली, की रांग थेट पाण्याकडे जावी. साबण तेथे आधीच असावा. पश्चिमेकडील डोंगरी गावांत उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. तेथे तांब्याने हातावर पाणी घालण्यास पाळीपाळीने मुले नेमावीत. जूनमध्ये आरंभ केल्यास गणपतीपर्यंत तरी धीर धरावा. चुकलेल्यास न रागावता दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत घ्यावे. रांगेत पहिले हात मात्र गुरुजींचे असावेत.

गुरुजी रजेवर असतानाही रांग आपण होऊन पाण्याकडे वळली, म्हणजे सुविचार फळ्यावरून अंगी उतरला, असे समजावे.