गाडी ‘ठाणेला’ जात नाही

ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकलमध्ये पुढच्या स्टेशनचं नाव मराठी, हिंदी आणि इंग्रजीत ऐकू येतं. गाडी एकच, भाषा तीन. मोबाइलच्या अ‍ॅपलाही हेच साधायचं असतं. त्याची सोय ‘रिसोर्स फाइल’मध्ये असते. तिला आपण शब्दांची वही म्हणू.

अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला, तेव्हापासूनची ही रीत. पडद्यावरची वाक्यं प्रोग्रॅमच्या पोटात लिहायची नाहीत. ती ‘व्हॅल्यूज’ नावाच्या फोल्डरमधल्या वहीत ठेवायची आणि प्रत्येक वाक्याला एक नाव द्यायचं. प्रोग्रॅममध्ये ‘आर डॉट स्ट्रिंग’ लिहून त्यापुढे ते नाव लिहिलं, की वाक्य हजर. मराठीसाठी ‘व्हॅल्यूज-एमआर’ हा वेगळा फोल्डर. त्यात नावं तीच, वाक्यं मराठी. फोनची भाषा मराठी असेल, तर ही वही आपोआप उघडते. तिच्यात एखादं वाक्य नसेल, तर फोन मुकाट्यानं मूळ वहीतलं, बहुधा इंग्रजी, वाक्य दाखवतो. अर्धीमुर्धी मराठी अ‍ॅप्स दिसतात, ती यामुळेच. मूळ वहीतही वाक्य नसेल, तर अ‍ॅप बंद पडतं.

खरी गोम पुढेच आहे. वाक्यात गावाचं नाव बदलतं, म्हणून तिथे रिकामी जागा सोडतात. त्या जागेला ‘ला’ चिकटवला, की ‘डोंबिवलीला’, ‘कल्याणला’ झकास जमतं. पण त्याच मार्गावर ‘ठाणेला’, ‘कळवाला’, ‘मुंब्राला’, ‘दिवाला’ असं होऊन बसतं! आपण म्हणतो ठाण्याला, कळव्याला, मुंब्र्याला, दिव्याला. विभक्ती लागण्याआधी मराठी शब्द रूप पालटतो, हे यंत्राला ठाऊक नसतं. केवळ डोंबिवलीचं नाव घालून तपासणाऱ्याला ही चूक दिसतच नाही.

उपाय अवघड नाही. तुकडे जोडू नयेत, अख्खं वाक्य वहीत लिहावं. रिकाम्या जागेला प्रत्यय लागणार नाही, अशी रचना करावी. ‘गाडी ठाणे स्थानकात येत आहे’ म्हटलं, की मुंब्रा, दिवा सगळीच नावं बिनबोभाट बसतात. दोन नावं असतील, तर जागांना क्रमांक द्यावेत, म्हणजे मराठीला आपला शब्दक्रम राखता येतो.

वही वेगळी असल्यानं हे काम करायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी ती मराठीच्या एखाद्या शिक्षकाला, प्रूफं वाचणाऱ्याला जरूर दाखवावी. ‘ठाणेला’ या शब्दाशी तो नक्की थबकेल.