सोळा आठवड्यांचं गणित

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

फ्रान्समधल्या लिऑन शहरात आमचं तिघांचं बिऱ्हाड आहे. तिथल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगलेली असतात. एक पुण्याहून येणारं ‘कालनिर्णय’ आणि दुसरं शाळेच्या सुट्ट्यांचं. एकात चतुर्थी-एकादशी, दुसऱ्यात रंगीत पट्टे. ही दोन्ही समोर ठेवल्याशिवाय आमच्याकडे विमानाचं तिकीट काढलं जात नाही.

मी लहान असताना माझ्या सुट्टीचा कुणी विचार केल्याचं मला आठवत नाही. परीक्षा संपली की एस.टी.नं आजोळी जायचं आणि पाऊस सुरू झाला की परत यायचं, एवढंच ठाऊक. त्यामुळे २०२१ साली नोकरीनिमित्त फ्रान्सला गेलो आणि चार वर्षांच्या लेकीला शाळेत घातलं, तेव्हा वाटलं, झालं आपलं काम!

तिथलं शालेय वर्ष ढोबळमानानं असं चालतं. सुमारे सात आठवडे शाळा, की दोन आठवडे सुट्टी. ऑक्टोबरअखेरीस एक, नाताळात एक, फेब्रुवारी-मार्चमध्ये हिवाळ्याची, एप्रिलच्या सुमारास वसंताची आणि जुलै-ऑगस्टमध्ये मोठी. म्हणजे ३६ आठवडे शाळा आणि १६ आठवडे सुट्टी. नोकरदारांना १९८२पासून कायद्यानं पाच आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. ऐकायला भरपूर वाटते ना? पण नवरा-बायकोनं एकमेकांचं तोंड न पाहता वेगवेगळी रजा घेतली, तरी दहाच आठवडे भरतात. उरलेल्या सहा आठवड्यांचं काय?

पहिल्या ऑक्टोबरमध्ये मी हा प्रश्न ऑफिसातल्या एका सहकारी बाईंना विचारला. त्या सहज म्हणाल्या, “का? आजी कुठं राहते तिची?” मी म्हटलं, “पुण्याला.” त्यावर त्या जरा वेळ गप्प झाल्या. तेव्हा उलगडा झाला. कायद्यात कुठं लिहिलेलं नसलं, तरी या वेळापत्रकाच्या पोटात आजी-आजोबा गृहीत धरलेले आहेत. सुट्टी लागली की कितीतरी मुलं आगगाडीनं आजीकडे रवाना होतात. अगदी आपल्यासारखीच! फक्त आमची आगगाडी तिथपर्यंत जात नव्हती.

दुसरी सोय म्हणजे गावोगावची सुट्टीतली केंद्रं. दिवसभर खेळ, पोहणं, चित्रकला, दुपारचं जेवण. शुल्कही बहुतेक ठिकाणी कुटुंबाच्या मिळकतीनुसार. पण नावनोंदणी काही आठवडे आधीच करावी लागते. मी चौकशीला गेलो तेव्हा मुदत उलटून गेली होती. चूक सर्वस्वी माझी. त्या दोन आठवड्यांत एक आठवडा मी बिनपगारी रजा घेतली, एक बायकोनं. तेव्हापासून भिंतीवर दुसरं कॅलेंडर आलं.

त्यातही एक गंमत आहे. हिवाळ्याची आणि वसंताची सुट्टी साऱ्या देशाला एकदम मिळत नाही. देशाचे अ, ब, क असे तीन विभाग केलेले आहेत. सगळे एकाच दिवशी बर्फाच्या डोंगरांकडे निघाले तर रस्ते तुंबतील आणि हॉटेलं दोन आठवडे भरून पुढं ओस पडतील, म्हणून ही विभागणी. आमचं लिऑन ‘अ’मध्ये आणि आमचे जिवलग मित्र राहतात ते नांत शहर ‘ब’मध्ये. २०२५च्या फेब्रुवारीत मुलांना एकत्र ठेवून आळीपाळीनं सांभाळायचा बेत केला. तारखा पाहिल्या, तर त्यांची सुट्टी ८ ते २३ फेब्रुवारी आणि आमची २२ला सुरू! जमला तो एक शनिवार-रविवार.

ऑक्टोबरच्या सुट्टीला नाव आहे सर्व संतांच्या दिवसाचं. हा दिवस १ नोव्हेंबरचा. त्या सुमाराला लोक आप्तांच्या थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या नेऊन ठेवतात. पहिल्या वर्षी दिवाळीसाठी म्हणून मी दोन कुंड्या हौसेनं घरी आणल्या, तर शेजारच्या आजींनी जिन्यातच हळू आवाजात विचारलं, “घरी कुणी गेलं का हो?”

ही सुट्टी आणि दिवाळी यांची गाठ पडणं हा नशिबाचा भाग. आपली दिवाळी चंद्राच्या हिशेबानं चालणार, तिथली शाळा मंत्रालयाच्या. २०२३मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं आणि शाळा ६ तारखेलाच सुरू झाली. २०२५मध्ये पाडवा-भाऊबीज सगळं सुट्टीत आलं. २०२६मध्ये पुन्हा हुकामूक. मग आठवडाभर शाळा बुडवली तर? तेही सोपं नाही. २०१९पासून तिसऱ्या वर्षापासूनच शिक्षण सक्तीचं आहे आणि योग्य कारणाशिवाय महिन्यात चार अर्धे दिवस गैरहजर राहिलं तरी वरपर्यंत कळवलं जातं. स्वस्त तिकीट किंवा दिवाळीचा फराळ यांपैकी कुठलंही कारण मी लिहायला धजलो नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशाला? हल्ली व्हिडिओवर रोज बोलता येतं की. येतं. पण माझ्या वडिलांना, नानांना, ऐकू फार कमी येतं. पडद्यावर ते नुसते हसतात आणि फोन आईकडे देतात. नातीशी त्यांचं खरं बोलणं होतं ते कॅरम खेळताना आणि संध्याकाळी तिचा हात धरून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना. त्याला दुसरा उपाय नाही.

म्हणून मोठ्या सुट्टीची आम्ही अशी वाटणी केली आहे. जुलैत बायको लेकीला घेऊन पुण्याला जाते, दोन आठवडे राहून परतते. मधले दोन आठवडे लेक एकटी आजी-आजोबांकडे असते. ऑगस्टमध्ये मी जातो आणि दोन आठवड्यांनी तिला घेऊन येतो. चार आठवड्यांच्या रजेत लेकीचे सहा आठवडे होतात. आंबे तेवढे संपलेले असतात. आई तिच्यासाठी रस आटवून ठेवते.

या सहातला एक आठवडा नाशिकला, तिच्या आजोळी जातो. नानांच्या वाट्याला उरतात पाच. नाना आता ७९ वर्षांचे आहेत. एका रात्री तारखा जुळवता जुळवता मी हिशेब केला. आणखी दहा वर्षं धरली, तरी पन्नास आठवडे. एक वर्षसुद्धा भरत नाही. त्या रात्रीनंतर तिकिटाच्या किमतीवरून मी फारशी कुरकुर केलेली नाही.

२०२५ साली गणपती २७ ऑगस्टला आले. शाळा उघडणार होती १ सप्टेंबरला, नेमकी गौरीपूजनाच्या दिवशी. आम्हाला २९ला निघणं भाग होतं. लेक हिरमुसली, कारण गौरीची पावलं काढायचं काम आजीनं तिला कबूल केलं होतं. शेवटी आई म्हणाली, “आजच काढ. गौरी येतील तेव्हा येतील.” उंबरठ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत लेकीनं रांगोळीची पावलं काढली, थोडी वाकडीतिकडी.

श्रोत्यांपैकी कुणी मुलांना घेऊन तिकडे जाणार असेल, तर एवढंच सांगतो. सुट्ट्यांच्या तारखा बऱ्याच आधी जाहीर होतात, त्या पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा. केंद्राच्या नावनोंदणीची तारीख त्यांच्याहून ठळक लिहा. मूल काका-मामांबरोबर पाठवणार असाल, तर २०१७पासून आई किंवा वडिलांच्या सहीचं परवानगीपत्र लागतं, ते विसरू नका. आणि रजेचा अर्ज टाकण्याआधी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना कोणते दिवस हवे आहेत.

१ सप्टेंबरला लेकीला नव्या दप्तरासह शाळेत सोडून मी घरी फोन लावला. आईनं कॅमेरा जमिनीकडे फिरवला. पावलं जशीच्या तशी होती. झाडताना पुसली जाऊ नयेत म्हणून नानांनी दोन दिवस त्यांच्यावर घरातले सगळे पाट मांडून ठेवले होते, आणि गौरी आत येताना एकेक करून उचलले होते.