अनोळखी माणसाला जामीन
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला ‘कॅनडातले माझे अनुभव’ असा विषय दिला आहे. तो फार मोठा आहे, आणि तिथला बर्फ तुम्ही फोटोंत पाहिलेलाच आहे. म्हणून मी एकाच गोष्टीवर बोलतो. घरदार सुटलेल्या कुटुंबाला परक्या देशात आणून वसवायचं, आणि त्याची जबाबदारी सरकारने नव्हे तर शेजारीपाजाऱ्यांनी घ्यायची. तिकडे याला स्पॉन्सर होणं म्हणतात. आपल्या वऱ्हाडात याला जवळचा शब्द आहे, जामीन राहणं. पतसंस्थेच्या कर्जापायी पोळलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी त्याबद्दल काय शिकवलं, तेही तुम्हाला ठाऊक आहे : “काहीही कर, पण कोणाले जामीन राहू नको बाप्पा!”

निर्वासित हा शब्द राजापेठेतल्या पोरांना नवा नव्हता. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं अमरावतीत वसली. रामपुरी कॅम्पमधली मुलं आमच्या वर्गात होती, आणि त्यांच्या आजोबांच्या बोलण्यात सक्कर, शिकारपूर ही गावं अशी यायची, जशी आपल्या बोलण्यात चांदूर आणि दर्यापूर. दुसरे म्हणजे दिवाळी सरली की स्वेटर विकायला येणारे तिबेटी. ते थेट हिमालयातून उतरतात असं आम्हाला वाटायचं. प्रत्यक्षात माल लुधियानाचा असायचा, आणि तिबेट्यांची एक वसाहत तर आपल्याच विदर्भात आहे. १९७२ पासून, नवेगाव बांधजवळ, गोठणगाव-प्रतापगड भागात. नाव नोरग्येलिंग. तेव्हा तो भंडारा जिल्हा होता, आता गोंदिया.

दलाई लामा मार्च १९५९ मध्ये तिबेट सोडून भारतात आले. त्यांच्यामागून सुमारे ऐंशी हजार माणसं आली. आपल्या देशाने त्यांना जमीन, शाळा, आसरा दिला, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण भारताने निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारलेला नाही. त्यामुळे बहुतेक तिबेट्यांची ओळख म्हणजे एक नोंदणीपत्र, मुदत संपली की नूतनीकरण करायचं. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळ्या मुखपृष्ठाचं ओळखपुस्तक आणि वर बाहेर जाण्याचा परवाना. कोणी इथेच जन्मलेला असला, तरी व्यवहारात तो परकाच.

२००७ मध्ये दलाई लामांनी कॅनडाचे पंतप्रधान हार्पर यांना विनंती केली, की अरुणाचल प्रदेशातल्या दूरदूरच्या वस्त्यांतल्या काही तिबेट्यांना घ्या. डिसेंबर २०१० मध्ये सरकारने एक हजार माणसांना येऊ देण्याचं जाहीर केलं. अट एकच : दार आम्ही उघडू, घर आणि हाताला काम तुम्ही शोधा. हे ‘तुम्ही’ म्हणजे तिथला तिबेटी समाज आणि त्यांना साथ देणारे लोक. प्रोजेक्ट तिबेट सोसायटी नावाच्या संस्थेने ही जुळवाजुळव केली. पहिले लोक २०१३ च्या अखेरीस उतरले. म्हणजे घोषणेनंतर तीन वर्षांनी. एक हजार माणसांसाठी एक हजार जामीनदार लागतात, आणि ते घोषणेने मिळत नाहीत.

ओटावात आमचा सात घरांचा गट होता. त्यात दोन मराठी. आमच्या वाट्याला चौघांचं कुटुंब आलं. नवराबायको, मुलगा, मुलगी. नावं मी सांगणार नाही, ती त्यांची आहेत. ते आले जानेवारीत. गटातल्या एक बाई म्हणाल्या, “हे तिबेटी, यांना थंडीचं काय!” हे कुटुंब होतं मियाओचं. नकाशात पाहा, चांगलांग जिल्हा, खालचा, उष्ण, धो धो पावसाचा मुलूख. त्या चौघांनी बर्फ जन्मात पाहिलं नव्हतं. विमानतळाच्या दारातून बाहेर आल्यावर मुलाने नाकावर हात धरला आणि हिंदीत विचारलं, “अंकल, ये रोज होता है?”

हिंदी! आमचं सगळं वर्ष त्या हिंदीवर निभलं. माझी अमरावतीची, त्यांची अरुणाचलची, दोन्ही व्याकरणाच्या बाईंना दाखवण्याजोग्या नाहीत. पण हेल्थ कार्ड, बँकेचं खातं, मुलांची शाळा, बसचा पास, दाताचा डॉक्टर, सगळं तिच्यातून पार पडलं. त्या ताईंना तिथलं तिखट पुरेना. आमच्या घरातला भिवापुरी मिरचीचा डबा त्यांच्याकडे गेला आणि रिकामा परत आला.

सातव्या महिन्यात खरी अडचण आली. नवऱ्याला रात्रीचं साफसफाईचं काम मिळालं, आणि त्याने इंग्रजीचा वर्ग सोडायचं ठरवलं. आमच्या गटात जोरात भांडण झालं. काहींचं म्हणणं, आपण वर्षाचं भाडं भरतोय, तर त्याने आपलं ऐकावं. यात त्याचं भलं आहे. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे, की जामीनदाराला घरात शिरायचा हक्क नसतो. आपण भाडं दिलं म्हणून त्याचं आयुष्य आपल्या वहीत चढत नाही. त्याने वर्ग सोडला. मग बायकोने मात्र तो सोडला नाही, आणि पुढे घरातली सगळी पत्रं तीच वाचू लागली. गावाकडे पैसे पाठवायचे होते हो त्याला. आई तिकडेच होती. हे त्याने आम्हाला फार उशिरा सांगितलं.

आता पैशाचं, कारण तो प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर दिसतोय. कॅनडात १९७९ पासून, व्हिएतनाम-कंबोडिया-लाओसच्या लोकांपासून, ही पद्धत मोठ्या प्रमाणावर चालू आहे. आजवर तीन लाखांहून अधिक माणसं अशी आली. त्याबद्दल १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं नान्सेन पदक एका माणसाला नव्हे, कॅनडाच्या जनतेला मिळालं. नेहमीच्या योजनेत पाच नागरिक किंवा कायम रहिवासी एकत्र येऊन एका कुटुंबाची बारा महिन्यांची हमी घेऊ शकतात. सीरियाचे लोक येत होते त्या २०१५ च्या सुमारास चौघांच्या कुटुंबासाठी साधारण सत्तावीस हजार डॉलर धरत. आकडा ऐकून घाबरू नका. आमच्या सात घरांत वाटल्यावर तो बारशा-लग्नाच्या आहेरांएवढा झाला, आणि जुनं फर्निचर आलं ते वेगळंच. पैसे जमतात. वेळ जमत नाही. वर्षभर दर शनिवारी कोणीतरी त्या घरी जायला हवं, आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत उत्साह ओसरतो.

तेराव्या महिन्यात काय झालं असं मला नेहमी विचारतात. काहीच झालं नाही. फोन आला नाही. मीच केला, तर मुलीने उचलला, म्हणाली आई कामावर आहे, बाबा झोपलेत, काही काम होतं का? मी म्हटलं, नाही. पतसंस्थेच्या भाषेत, खातं बंद झालं आणि जामीन मोकळा.

“भारतात त्यांना कोण छळत होतं, मग नेलं कशाला?” असं काल जेवताना आपल्याच एका मित्राने विचारलं. प्रश्न रास्त आहे. इथे त्यांना कोणी छळलं नाही. छळ झाला त्यांच्या आजोबांचा. पण ज्या अरुणाचलवर चीन आजही हक्क सांगतो, तिथे हद्दीजवळ, नागरिकत्वाशिवाय पोरं वाढवणाऱ्या माणसाची झोप कशी असेल, हे मी त्या घरात पाहिलंय. नव्या घरात आल्यावरही कितीतरी दिवस सगळी कागदपत्रं एका पिशवीत, दाराच्या खुंटीला टांगलेली असायची.

एक गोष्ट सांगायची राहिली. २९ नोव्हेंबर २०२४ पासून कॅनडा सरकारने पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज घेणं थांबवलं. अर्जांचा ढीग फार झाला होता. मात्र ज्या संस्थांचा सरकारशी करार आहे, त्यांच्यामार्फत ठरलेल्या संख्येपुरतं काम चालू राहिलं. आपल्या शाळेची मुलं आज टोरांटोत आहेत, कॅलगरीत आहेत, व्हँकुव्हरला आहेत. त्यांतले काही समोर बसलेत. जेवणाच्या मंडपात, ताकाच्या टेबलापाशी मी थांबतो. पैशाचं नंतर बघू. शनिवारी सकाळी कोण मोकळं असतं, तेवढं मला सांगा.