चेहरा वाचा, आणि विचाराही



 आज मला माणसाच्या चेहऱ्याविषयी बोलायचे आहे, कारण आपल्या डॉक्टरांची तपासणी स्टेथोस्कोपच्या आधी तिथूनच सुरू होते.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव, म्हणजे भावनेने शरीरावर उमटणाऱ्या खुणा, सांगितले: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. ही यादी वाचताना मला रंगमंचाइतकाच माझा दवाखाना दिसतो. भीतीने अनुकंपी चेतासंस्था जागी झाली की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, लाळ कमी होते, केसांच्या मुळाशी असलेले सूक्ष्म स्नायू आखडतात. आपल्या आज्या यालाच पांढराफटक पडणे, घशाला कोरड पडणे, अंगावर काटा येणे म्हणत आल्या. पेशंट जेव्हा ‘पोटात गोळा येतो’ म्हणतो, तेव्हा तो अलंकारिक बोलत नसतो. शरीरात जे घडते तेच तो सांगत असतो.

१८६२ मध्ये फ्रेंच डॉक्टर ड्यूशेन यांनी दाखवले की मनापासूनच्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आखडतो. दहा वर्षांनी डार्विन यांनी माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावर ग्रंथ लिहिला. पुढे मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी आणखी एक गोष्ट ठळक केली: कोणती भावना कुठे दाखवायची आणि कुठे गिळायची, हे समाज शिकवतो. ‘बायकांसारखा रडतोस काय?’ हे वाक्य ऐकत वाढलेला पुरुष आपल्यासमोर ‘छातीत जड वाटतं’ एवढेच म्हणतो. त्याचा ईसीजी काढाच. पण तो नॉर्मल आला म्हणून त्याला तसाच घरी पाठवू नका.

चेहरा फसवतोही. कंपवाताचे एक आजोबा माझ्याकडे येत. एकदा आजी म्हणाल्या, “डॉक्टर, यांना आता कशाचंच काही वाटत नाही. नातीच्या लग्नातही हसले नाहीत.” आजोबा समोरच बसले होते. चेहरा कोरा, पापणी क्वचितच लवत होती. मी विचारले, “आजोबा, लग्नात कसं वाटलं?” बऱ्याच वेळाने बारीक, एकसुरी आवाजात ते म्हणाले, “फार आनंद झाला. तिला शाळेत मीच सोडायचो.” आजींनी पदर डोळ्यांना लावला.

या आजारात मेंदूतले डोपामाइन कमी होते आणि चेहऱ्याची आपसूक हालचाल मंदावते. चेहरा गोठला म्हणजे माया आटली असे नव्हे. हे मी वर्षभरात त्या घरी एकदाही समजावून सांगितले नव्हते. गोळ्यांचे डोस मात्र तीनदा बदलले होते. त्या वर्षभरात आजींनी जे सोसले, त्याची सल आजही माझ्या मनात आहे.

म्हणून तुम्हा सर्वांना एक विनंती. पेशंट आत आला की पहिले एक मिनिट केसपेपर आणि कॉम्प्युटर बाजूला ठेवा. त्याच्या कपाळावरच्या आठ्या, हाताची थरथर बघा, बसलेला आवाज ऐका. मग जे दिसले त्यावरून निदान ठरवून टाकू नका. त्याला विचारा, आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. त्या एका मिनिटाला कोणतेही यंत्र लागत नाही.